फोर्ट विल्यमचे ‘रायटर’ आणि आजचे संगणक अभियंते

कोलकात्याच्या विस्तीर्ण मैदानालगत, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर एक जुना अष्टकोनी किल्ला आहे. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ साली, इंग्रजांनी तो बांधावयास घेतला आणि पुढे अडीच शतकांहून अधिक काळ तो ‘फोर्ट विल्यम’ या नावाने ओळखला गेला. आज तेथे भारतीय सेनेच्या ईस्टर्न कमांडचे मुख्यालय आहे. २०२४ च्या अखेरीस या किल्ल्यास ‘विजय दुर्ग’ असे नाव देण्यात आले आणि त्याच्या एका दरवाजाला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. कोकणच्या किनाऱ्यावरील विजयदुर्ग ज्यांनी पाहिला आहे, त्या मराठी वाचकांना या नामांतराचे कौतुक वाटले असल्यास नवल नाही.

परंतु फोर्ट विल्यम या नावाशी मराठी भाषेचा संबंध याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो तलवारीचा नव्हे, लेखणीचा आहे. त्या संबंधाची आठवण आज मुद्दाम करून देण्याचे कारण असे की, आपल्यापैकी अनेकांच्या घरांत सध्या एक प्रश्न विचारला जात आहे आणि त्याचे बरेचसे उत्तर त्या जुन्या हकिकतीत सापडते.

प्रश्न असा. घरातील मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्राची पदवी घेऊन पुण्यास, बंगळुरास अथवा हैदराबादेस सॉफ्टवेअर अभियंता म्हणून रुजू होते. आज्ञावली लिहिण्यात ती तरबेज असते. वर्ष-दोन वर्षांत वरिष्ठ सांगतात, “काम उत्तम आहे, आता लिहिणे सुधारा.” येथेच गोंधळ सुरू होतो. लिहिणे सुधारावे म्हणजे काय करावे? इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावावा, व्यापारी पत्रव्यवहार शिकावा, निबंधलेखनाचा सराव करावा, की ‘टेक्निकल रायटिंग’चे प्रमाणपत्र मिळवावे? वेळ थोडा, पैसा मोजका आणि शिकण्यासारख्या गोष्टी अनेक. मग त्यांतील आधी कोणती निवडावी?

रायटरांचे विद्यालय

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत अगदी खालच्या पायरीवर जो तरुण रुजू होई, त्याचा हुद्दाच ‘रायटर’ असा होता. रायटर, मग फॅक्टर, मग ज्युनिअर मर्चंट आणि शेवटी सीनिअर मर्चंट, अशी ती चढण होती. नावाप्रमाणे त्याचे मूळ काम लिहिण्याचे: मालाच्या याद्या, हिशेब, पत्रांच्या नकला. कलकत्त्यात या मंडळींसाठी बांधलेली ‘रायटर्स बिल्डिंग’ पुढे पश्चिम बंगालचे सचिवालय म्हणून प्रसिद्धीस आली आणि २०१३ पर्यंत राज्याचा कारभार तेथूनच चालला.

अठरावे शतक संपता संपता कंपनी व्यापारी राहिली नव्हती, राज्यकर्ती झाली होती. मालाची यादी लिहिणाऱ्या सोळा-अठरा वर्षांच्या पोरांवर आता महसूल आणि न्यायदान ही कामे येऊन पडली. लेखणी तीच, परंतु तिच्या टोकाशी आता कापसाच्या गाठीऐवजी माणसाचे शेत व घर आले. ही विसंगती गव्हर्नर जनरल वेलस्ली याने ओळखली आणि १८०० साली ‘कॉलेज ऑफ फोर्ट विल्यम’ स्थापन केले. नाव किल्ल्याचे असले, तरी वर्ग भरत ते रायटर्स बिल्डिंगमध्ये. फारसी, अरबी, संस्कृत, हिंदुस्थानी, बंगाली, मराठी अशा अनेक भाषा तेथे शिकविल्या जात. हे सारे परकीय सत्तेच्या सोयीसाठी होते, हे आपण विसरता कामा नये. तरीही शिक्षणाचा जो प्रश्न तेथे उभा राहिला, तो खरा होता.

दरबाराची व कचेरीची भाषा फारसी होती आणि १८३७ पर्यंत ती तशीच राहिली. प्रतिष्ठा फारसीला होती. परंतु गाऱ्हाणे घेऊन येणारा रयत फारसी बोलत नसे. मग तरुण रायटराने कोणती लेखणी आधी उचलावी, जी दरबारात मिरवता येईल ती, की जिच्यावाचून गाऱ्हाणेच कळणार नाही ती?

या विद्यालयात विल्यम केरी हा १८०१ पासून बंगाली व संस्कृत शिकवीत असे. पुढे मराठीही त्याच्याकडे आली. इंग्लंडात जोडे शिवण्याचा धंदा केलेल्या या मिशनऱ्याने १८०१ मध्येच ‘कथोपकथन’ नावाचे एक बंगाली पुस्तक सिद्ध केले. त्यात काव्य नव्हते की शास्त्रचर्चा नव्हती. जमीनदार आणि रयत, सावकार आणि ऋणको, मजूर, बाजारातील व शेजारच्या स्त्रिया यांची रोजची बोलणी त्यात होती. ज्याच्याशी व्यवहार करावयाचा, त्याची बोली आधी कानांत बसली पाहिजे, हा त्यामागील विचार.

मराठीच्या बाबतीत हाच विचार लिपीपर्यंत गेला. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केरीने १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. ते देवनागरीत छापले होते. पण मराठ्यांच्या मुलखातील हिशेब, पत्रे, सनदा, गावची दप्तरे ही सर्व मोडीत. देवनागरी सुरेख वाचणाऱ्या माणसालाही कुलकर्ण्याच्या दप्तरातील एक ओळ उलगडेलच असे नाही. म्हणून १८१० साली निघालेला केरीचा मराठी कोश मोडीचे खिळे पाडून मोडी लिपीत छापला गेला. शब्द तेच, भाषा तीच. परंतु ज्या कामासाठी शिकावयाचे ते काम ज्या अक्षरांत चालते, ती अक्षरे निवडावी लागली.

या हकिकतीतून निवडीची एक कसोटी हाती येते. कोणते लेखन श्रेष्ठ, असे विचारू नये. आपण लिहिलेले कोण वाचणार आहे, वाचून त्याने काय करावयाचे आहे आणि त्याने चुकीचे वाचले तर कोणाचे काय बुडणार आहे, असे विचारावे. ज्या लेखनात शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत गंभीर, ते आधी शिकावे.

संगणकाच्या कामातील लेखने

संगणकाशी कोलकात्याचा संबंधही जुना आहे. बराहनगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आणविलेले एचईसी-२एम हे यंत्र १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास बसविण्यात आले आणि देशातील अंकीय संगणकाच्या वापरास तेथून आरंभ झाला. आज त्याच शहराच्या सॉल्ट लेक भागात हजारो तरुण आज्ञावली लिहीत आहेत. यंत्रासाठी ते जे लिहितात त्यातील चूक यंत्र पुष्कळदा तत्काळ दाखविते. माणसांसाठी जे लिहितात त्यातील चूक मात्र दाखविणारे कोणी नसते. ती परिणामांतूनच कळते. वरील कसोटी लावली, तर त्यांच्या लेखनांपैकी तीन पुढे येतात.

पहिले, कारणाची नोंद. आज्ञावलीत एखादा बदल केला की अभियंत्याने त्यासोबत दोन ओळी लिहावयाच्या असतात. व्यवसायात तिला ‘कमिट मेसेज’ म्हणतात. पुष्कळ जण तेथे “दुरुस्ती केली” एवढेच लिहून मोकळे होतात. काय बदलले हे आज्ञावली पाहूनही कळते. का बदलले ते कळत नाही. याउलट एखाद्याने असे लिहिले की, “३१ मार्चच्या मध्यरात्रीनंतर भरलेली रक्कम जुन्याच आर्थिक वर्षात धरली जात होती, ती नव्या वर्षात धरली जावी म्हणून तारखेची तुलना बदलली,” तर पाच वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसालाही ती ओळ हाताशी धरून चालता येते.

कारण न लिहिल्याने काय होते, याचे उदाहरण १९९६ साली जगाने पाहिले. ४ जून रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून उडालेले एरियन-५ हे नवे अग्निबाण सुमारे चाळीस सेकंदांत आकाशातच नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावली आधीच्या एरियन-४ वरून तशीच उचलली होती. त्या जुन्या बाणाच्या वेगमर्यादेत एक विशिष्ट आकडा ठरावीक जागेत मावत असे, म्हणून तो मावेल की नाही याची तपासणी मुद्दाम वगळली होती. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक. आकडा मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. तपासणी का वगळली याचे कारण त्या आज्ञावलीत थेट कोठेही नमूद केलेले आढळले नाही, अशी नोंद चौकशी मंडळाने केली आहे. चुकीला इतरही कारणे होती. तथापि ते एक वाक्य तेथे असते, तर पुढच्या माणसाला निदान थबकावेसे वाटले असते.

दुसरे, दोन पक्षांमधील कराराचे लेखन. एका गटाची आज्ञावली दुसऱ्या गटाच्या आज्ञावलीला आकडे पुरविते. तो आकडा कशाचा, कोणत्या एककात, रिकामा असल्यास त्याचा अर्थ काय, हे लिहून ठेवावे लागते. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेने मंगळाकडे पाठविलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान नऊ महिन्यांहून अधिक प्रवास करून २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचले आणि नाहीसे झाले. जमिनीवरील एक आज्ञावली धक्क्याचे माप पौंडांच्या हिशेबाने देत होती. घेणारा पक्ष ते न्यूटनच्या हिशेबाने समजत होता. दोहोंत सुमारे साडेचार पटींचा फरक. मेट्रिक एकक वापरावे असे कागदोपत्री ठरलेले होते. म्हणजे करार लिहिलेला होता, परंतु तो आकड्याबरोबर प्रवास करीत नव्हता आणि तो पाळला गेला की नाही हे कोणी पडताळून पाहिले नव्हते. आपल्या घरातील किराण्याच्या यादीत नुसते “साखर ५” असे लिहिले, तर वाणी विचारतो, “किलो की पुडे?” संगणक विचारीत नाही.

याच लेखनाचा एक भाग म्हणजे नावे ठेवणे. शिवकालात सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देताना ते विषयवार वर्गांत लावले आहेत. कारभार अनेक हातांनी चालावयाचा असेल, तर एका वस्तूला सर्वांनी एकाच नावाने हाक मारली पाहिजे, हे त्या कोशकाराने जाणले होते. एकाने ‘ग्राहक’, दुसऱ्याने ‘खातेदार’ आणि तिसऱ्याने ‘सभासद’ म्हटले, आणि तिघांच्याही मनात माणूस एकच असला, तर गोंधळ ठरलेलाच.

तिसरे, सामान्य माणसासाठी पडद्यावर उमटणारे वाक्य. हे सर्वांत लहान आणि म्हणून सर्वांत उपेक्षित. आजीबाई निवृत्तिवेतनाचा अर्ज मोबाइलवर भरीत आहेत, असे समजा. पडद्यावर “अवैध इनपुट” असे उमटले, तर त्या घाबरून फोन खाली ठेवतील. त्याऐवजी “मोबाइल क्रमांक दहा अंकी असावा, आपण नऊ अंक लिहिले आहेत” असे उमटले, तर त्या स्वतःच चूक सुधारतील, नातवाची वाट पाहणार नाहीत.

कित्येकदा या वाक्यावर याहून फार मोठे काही अवलंबून असते. थेराक-२५ या किरणोपचाराच्या यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना किरणांची भयंकर मोठी मात्रा बसली आणि त्यांतील काही दगावले. मूळ दोष आज्ञावलीतील चुकांचा आणि सुरक्षेची यांत्रिक कुलपे काढून टाकल्याचा होता. परंतु टेक्सासमधील अपघातांच्या वेळी पडद्यावर उमटले होते ते केवळ “मालफंक्शन ५४”. त्याचा अर्थ काय, हे यंत्र चालविणाऱ्यांच्या पुस्तिकेत उलगडलेले नव्हते. असे संकेत दिवसातून अनेकदा येत, म्हणून एक कळ दाबून पुढे जाण्याची सवय जडली होती. “रुग्णास ठरलेल्यापेक्षा अधिक मात्रा बसली असण्याचा संभव आहे, उपचार थांबवा” असे एक वाक्य त्या जागी असते तर, हा विचार मनास अस्वस्थ करतो.

भाषांतरकाराचे एक मागणे

पडद्यावरील वाक्यांचे मराठी करण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना आणखी एक अडचण परिचयाची असेल. अभियंता पुष्कळदा पूर्ण वाक्य न लिहिता त्याचे तुकडे लिहितो: एक तुकडा वस्तूच्या नावाचा, दुसरा ‘उघडले’ या क्रियेचा. इंग्रजीत हे जुळते. मराठीत फाइल उघडली, फोटो उघडला आणि पत्र उघडले. एक संदेश आला, दोन संदेश आले. आपल्या भाषेत क्रियापद लिंगवचनाप्रमाणे बदलते, त्यामुळे तुकडे सांधून केलेले वाक्य लंगडते आणि वाचणाऱ्याला वाटते की हे यंत्र आपल्यासाठी केलेलेच नाही. प्रत्येक प्रसंगासाठी पूर्ण वाक्य लिहावे आणि ते कोठे, कोणत्या प्रसंगी दिसणार याची एक ओळ भाषांतरकारासाठी जोडावी, एवढी शिस्त जो पाळील, त्याची आज्ञावली देशातील कोणत्याही भाषेत सुखाने नांदेल.

मग शिकावे कसे?

वरील तीन लेखनांपैकी एकासाठीही मोठ्या शब्दसंपत्तीची गरज नाही. या व्यवसायातील बहुतेक लेखन इंग्रजीत चालते हे खरे. म्हणून कामापुरते नेटके इंग्रजी यावयासच हवे. परंतु इंग्रजी उत्तम असूनही कारण न लिहिणारे अनेक असतात, आणि ज्याला मराठीत एखादी गोष्ट क्रमवार सांगता येत नाही, त्याला ती इंग्रजीतही सांगता येणार नाही. म्हणून आरंभ घरात आणि स्वभाषेत करता येतो.

आपल्या मुलीला अथवा मुलाला सांगा, घरातील पाण्याचा पंप सुरू करण्याची कृती एका कागदावर लिही. मग तो कागद पंपास कधी हात न लावलेल्या माणसाच्या हाती द्या आणि लिहिणाऱ्याने जवळ उभे राहून एक शब्दही बोलू नये, अशी अट घाला. वाचणारा जेथे थबकेल, तेथे लेखन अपुरे आहे. ते वाक्य सुधारावे आणि कागद दुसऱ्याच्या हाती द्यावा. चार संध्याकाळी हा प्रयोग केला, तर वाचणाऱ्याच्या जागी उभे राहून आपलेच लिहिणे पाहण्याची सवय लागते. एखाद्या वर्गात जावेसे वाटल्यास अवश्य जावे. परंतु तेथे असा वाचणारा मिळतो की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

कचेरीत त्याने क्रम असा ठेवावा. पहिले काही महिने प्रत्येक बदलासोबत कारणाची पूर्ण नोंद लिहावी. ही संधी रोज मिळते आणि खर्च काही नाही. ती सवय अंगवळणी पडली की दोष कळविण्याचे लेखन घ्यावे: काय केले, काय घडावयास हवे होते, काय घडले, या तीन गोष्टी, त्याच क्रमाने. त्यानंतर दोन गटांमधील करारपत्रे आणि माहितीपुस्तिका. लेख, व्याख्याने, कल्पना मांडणारी दीर्घ टिपणे ही सर्व चांगलीच. पण ती फारसीसारखी आहेत. दरबारात मान मिळवून देतात, म्हणून मोह होतो. ती मागाहून शिकावी. ज्याचे काम मुळातच ग्राहकांशी बोलण्याचे किंवा योजना मंजूर करवून घेण्याचे आहे, त्याने मात्र हा क्रम आपल्या वाचणाऱ्याप्रमाणे बदलावा; कसोटी तीच राहील.

कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणात पानेच्या पाने लिहून देतात. मग हा खटाटोप कशाला? वाक्ये ती देतात, आणि ती सफाईदारही असतात. परंतु मार्चअखेरची रक्कम कोणत्या वर्षात धरावी असे कचेरीत का ठरले, एखादी तपासणी का वगळली, आजीबाई कोणत्या शब्दाला अडखळतात, हे ज्याने पाहिले त्यालाच ठाऊक असते. त्याने ते सांगितले नाही, तर यंत्र मौन पाळणार नाही. ते संभाव्य वाटणारे काहीतरी लिहून देईल. न लिहिलेल्या कारणापेक्षा चुकीचे लिहिलेले कारण अधिक घातक. म्हणून साधन जरूर वापरावे, परंतु कारण आपल्या हाताने लिहावे.

फोर्ट विल्यमचे विद्यालय १८५४ साली बंद झाले. रायटर हा हुद्दाही इतिहासजमा झाला. परंतु त्या तरुणांच्या एका ओळीवर जसे कोणाचे शेत अवलंबून असे, तसेच आज संगणकापुढे बसलेल्या तरुणांच्या एका ओळीवर कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचा औषधोपचार अवलंबून आहे. आपल्या घरातील अभियंता सुट्टीला आला की त्याच्या पगाराची आणि बढतीची चौकशी आपण करतोच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: “तू लिहितोस ते वाचते कोण?” त्याला चटकन उत्तर देता आले, तर पुढे काय शिकावे हे तो स्वतःच ठरवील.